कुर्माघरातला डबा

आमच्या भागातल्या माणसाला दिवाळी अंकासाठी लिहायला सांगतात तेव्हा त्यांना वाघ हवा असतो, नाहीतर बंदूक. माझ्याकडे दोन्ही नाही. तीस वर्षं धानोरा तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून काढली, पण वाघ दिसला तो एकदाच, तोही एसटीच्या खिडकीतून, आणि शेजारची बाई म्हणाली की ते वासरू होतं. माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे ते पांढरं पाणी. बायकांच्या अंगावरून जातं ते. चकली तोंडात धरून अंक वाचणाऱ्यांनी आधी चकली संपवावी आणि मग पुढे वाचावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी सरळ राशिभविष्याचं पान काढावं, माझी काही हरकत नाही.

मी मूळची ब्रह्मपुरीकडची. नर्सिंगचा कोर्स करून धानोऱ्याच्या जंगलातल्या एका उपकेंद्रावर आले तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षांत बदली करून घेऊ. बदलीचे अर्ज एवढे केले की शेवटी माझं अक्षर त्यामुळेच सुधारलं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक कपाट, वजनकाटा आणि भिंतीवर तक्ते. हाताखाली आठ गावं. बहुतेक गोंड वस्ती, थोडे धान पिकवणारे इतर शेतकरी. लसी टोचायच्या, गरोदर बायकांची वजनं घ्यायची, अडलेलं बाळंतपण पुढे पाठवायचं, आणि या सगळ्याची नोंद एवढ्या रजिस्टरांत करायची की टोचायला वेळ उरू नये.

माझ्या निरोप समारंभात सगळ्या वक्त्यांनी एकच गोष्ट सांगितली. सिस्टरांनी कधी कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, असं प्रत्येक जण म्हणाला. टाळ्या पडल्या. मी शाल सावरत खाली बघत होते. लोकांना वाटलं, बाई विनयशील आहे. खरं म्हणजे माझा गुन्हा नेमका तोच होता आणि तो माझ्यादेखत चार वेळा वाचून दाखवला जात होता.

बाहेरच्या माणसाला हे काम कळावं म्हणून थोडं सांगते. अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, ओटीपोटात दुखतं, अशा तक्रारी घेऊन बाई आमच्याकडे येते. येते म्हणजे ताप आला असं सांगत येते, पाऊण तास बसते, बाकीचे गेले की मग पदर तोंडाला लावून खरं सांगते. आमच्याकडे ना सूक्ष्मदर्शक, ना तपासायला आडोसा. म्हणून लक्षणांवरून औषध द्यायची सरकारी पद्धत आहे. भिंतीवरचा तक्ता बघायचा, प्रश्न विचारायचे आणि उत्तरांप्रमाणे रंगीत किट द्यायची. नुसतं पाणी जात असेल तर हिरवी, सोबत ओटीपोटात दुखत असेल तर पिवळी. हिरवीतल्या गोळ्या एकदाच घ्यायच्या. पिवळीत दोन आठवड्यांचं प्रतिजैविक औषध असतं, म्हणजे जंतू मारणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल.

पद्धत वाईट नाही. ओटीपोटात खरोखर जंतू शिरले असतील तर त्या पिवळ्या किटने बाईचा जीव वाचतो, तेव्हा माझं वाचून कोणी गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. प्रश्न पद्धतीचा नव्हता, माझ्या हाताचा होता. हिरवीवर भागत असेल तिथे मी पिवळी द्यायची. पिवळी जाड असते, हातात घेतली की बाईला समाधान वाटतं. शिवाय जाताना आतून धुवायला लाल औषधाची बाटली द्यायची. ते धुणं कुठल्याच तक्त्यावर नव्हतं. ते मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वयस्कर नर्सकडून शिकले आणि भक्तिभावाने जवळपास तीस वर्षं चालवलं.

त्यातली एक गोळी तोंडाला लोखंडासारखी चव आणते, आणि तिच्यावर मोहाची दारू घेतली तर आतडी बाहेर येतील एवढी उलटी होते. आमच्या गावांत पंडुम म्हणजे सण. पेरणीआधी सण, आंबा खाण्याआधी सण, नवं धान आलं की सण, आणि सणाला मोहाची चव घेतल्याशिवाय भागत नाही. दोन आठवडे कोरडे जातील असा काळ वर्षात शोधूनही सापडत नाही. तेव्हा चौथ्या-पाचव्या दिवशी बाया गोळ्या बंद करायच्या. उरलेल्याचं काय करायचं, हे त्या मला विचारायच्या, आणि मी फार आत्मविश्वासाने सांगायची. सरकारी औषध आहे, फेकायचं नाही. कोरड्या जागी ठेवायचं. पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही. माझं म्हणणं असं की माझ्या पुढच्या फेरीत ते मला परत करावं. तेवढं एक वाक्य मी गृहीत धरलं आणि बोलले नाही.

आता मनकीबद्दल सांगते. माझ्या आठांपैकी एका गावातली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, उंच, हसली की डोळे बारीक होणारी. एक मुलगी चार वर्षांची. दुसरं मूल हवं होतं पण राहत नव्हतं, आणि त्यात हे पांढरं पाणी. दोन वर्षं ती माझ्याकडे येत होती. मी किट द्यायची, पंधरा दिवस बरं वाटायचं, पुन्हा खाज, पुन्हा पाणी, आता दह्यासारखं. मी पुन्हा किट द्यायची. माझ्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे 'औषध दिले' असं इतक्या वेळा लिहिलं आहे की वाचणाऱ्याला वाटावं, काय ही तत्पर बाई. शेवटी तिचा नवरा दलसू तिला गडचिरोलीपलीकडच्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे सांगितलं की गर्भपिशवी खराब झाली आहे, काढून टाका, कटकट संपेल. सरकारी योजनेत बसवायला गावच्या नर्सची चिठ्ठी लागेल असंही सांगितलं. दलसूने मला विचारलं. मी चिठ्ठी लिहून दिली. वारंवार औषधोपचार करूनही आराम नाही, असं छान वळणदार अक्षरात लिहिलं.

मनकीने तेव्हा एकच विचारलं होतं, पिशवी काढल्यावर पोरगं होईल का. मी म्हटलं, नाही होणार, पण एक आहे ना, तिच्याकडे बघ. ती उठून निघाली. मला वाटलं, पटलं तिला.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी तिचं रक्त किती भरतं ते बघायला गावात गेले. मे महिना होता, तेंदूपत्त्याचा हंगाम. सगळं गाव पहाटे जंगलात पानं तोडायला आणि दुपारी फळीवर, म्हणजे पुडके जमा करायच्या जागेवर. मनकी मात्र कुर्माघरात होती. गावाच्या कडेला बायकांची पाळीच्या दिवसांत बसायची झोपडी असते, ते कुर्माघर. मातीच्या भिंती, बुटकं दार, खिडकी नाही. चार-पाच दिवस बाई तिथे राहते, घरचे जेवण आणून लांब ठेवतात. ही चाल बंद व्हावी म्हणून मी इतकी भाषणं केली आहेत की गावातल्या कोंबड्यांनाही पाठ असतील. भाषणं सगळी बाहेरच्या मोहाच्या झाडाखाली उभं राहून. दहा पावलांवर ते दार होतं, आणि एवढ्या वर्षांत मी एकदाही आत गेले नव्हते.

त्या दिवशीही झाडाखालूनच हाक मारली. तेवढ्यात उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली. मला साखरेचा आजार, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. इतरांना वेळेवर जेवा म्हणून सांगत फिरणाऱ्या बाईला जेवायला वेळ मिळत नाही. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच बसकण मारली. मनकीने मला काखेत हात घालून आत ओढलं, पाणी पाजलं आणि तिच्या मडक्यातली आंबील वाटीत ओतून दिली.

आत गारवा होता. तणसावर आडवी होऊन मी वर बघितलं, तर आढ्याला दोरीने बांधलेला बिस्किटाचा पत्र्याचा डबा लोंबत होता. मी विचारलं, हे काय. मनकी म्हणाली,

"तुजाच डब्बा होय, बाई."

उघडून बघितला. माझ्या उपकेंद्रात तीन महिन्यांपासून संपलेल्या कॅप्सूल तिथे शिल्लक होत्या. पिवळ्या किटमधल्या अर्ध्या पट्ट्या, लाल औषधाच्या दोन बाटल्या आणि कागदात बांधलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्यांच्या पुड्या. मनकीने शांतपणे समजावून सांगितलं. सरकारी औषध फेकायचं नाही असं मी सांगितलं होतं. कोरड्या जागी ठेवायचं, पोरांना मिळू द्यायचं नाही. घरात ठेवलं तर नवऱ्याला दिसतं आणि हे दुखणं नवऱ्याला सांगायचं नसतं. मग पोरं येत नाहीत, पुरुष येत नाहीत आणि कौलं गळत नाहीत अशी गावात एकच जागा. जी बाई कुर्म्याला बसेल तिने रोज सकाळी दोन कॅप्सूल घ्यायच्या, म्हणजे आतून धुऊन निघतं, अशी पद्धत त्यांनी बसवली होती. ज्या बाईला त्रास जास्त, तिला जास्त द्यायच्या. म्हणजे सर्वांत जास्त मनकीला.

पांढऱ्या पुड्या माझ्या नव्हत्या. त्या बाजारात सुट्ट्या गोळ्या पुडीत बांधून विकणाऱ्या पुडीवाल्याकडच्या. चैतीबाई नावाची गावातली वयस्क बाई अंग दुखतं म्हणून त्या घेते आणि ताकदीची गोळी म्हणून मनकीलाही देते, असं कळलं. पानं तोडायच्या दिवसांत मनकी रोज एक घेत होती.

आता कोणीही म्हणेल की तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल. अजिबात नाही. मी उठून बसले आणि पाव तास औषधांच्या मुदतीवर भाषण दिलं. पट्टीवरची तारीख कशी वाचायची ते शिकवलं. मग डबा जप्त केला, अगदी पोलिसासारखा. बाहेर आले तर आमची आशाताई गीता लांब उभी. कुर्माघरात जाऊन आलेली बाई आंघोळ केल्याशिवाय गावातून फिरू शकत नाही, आणि डबाही धुतल्याशिवाय नाही, हे तिने फार मऊ शब्दांत सांगितलं. तीस वर्षं अंधश्रद्धेवर बोलणारी ही सिस्टर साडीसकट नाल्यात बसून आली आणि ओल्या अंगाने एसटीत उभी राहिली. कंडक्टरने विचारलं, बाई, पडल्या का. मी हो म्हटलं.

पुढच्या गुरुवारी गडचिरोलीला आमची महिन्याची सभा होती. डबा गंमत म्हणून सोबत नेला. मैत्रिणींना दाखवून हसायचं होतं, आमच्या बाया कशा आहेत बघा, म्हणून. सभेला सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगाच्या डॉक्टर मॅडम शिकवायला आल्या होत्या. सगळ्या हसल्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकेक पट्टी काढून टेबलावर मांडली. पांढरी गोळी बोटांनी फिरवून बघितली. कोण घेतं, किती दिवसांपासून, तक्रार काय, असं विचारत गेल्या. मी मनकीचं सांगितलं. उद्या तिची पिशवी काढायची आहे, हेही सांगितलं.

"सिस्टर, हिचं दुखणं या डब्यातच आहे," त्या म्हणाल्या. "पिशवी काढायला चिठ्ठी कोणी दिली?"

मी सांगितलं, मी दिली. त्यानंतर त्यांनी जे समजावलं ते मी नोकरीच्या सुरुवातीला शिकले असणार, परीक्षेत लिहिलंही असणार आणि पास झाल्यावर विसरले असणार. बाईच्या त्या वाटेची राखण शरीर स्वतः करत असतं. तिथे चांगले जंतू राहतात आणि ते आंबटपणा तयार करतात. त्या आंबटपणात वाईट जंतू आणि बुरशी वाढू शकत नाहीत. आतल्या अस्तरात शरीराच्या रक्षक पेशी असतात, आणि पिशवीच्या तोंडाशी चिकट स्राव असतो, तो जंतूंना वर जाऊ देत नाही. थोडंफार पांढरं पाणी म्हणजे याच राखणीचा भाग, ते दुखणंच नव्हे. जंतू मारणारी गोळी चांगले-वाईट ओळखत नाही, ती दोन्ही मारते. गरज नसताना पुन्हा पुन्हा घेतली की चांगले जातात आणि रिकाम्या जागेत बुरशी वाढते, तिचंच ते दह्यासारखं पाणी आणि खाज. पांढऱ्या पुडीत बहुधा स्टेरॉइड असावं. त्याने अंगदुखी थांबते, पण रक्षक पेशी सुस्तावतात आणि रक्तातली साखर वाढते, जी बुरशीला आवडते. राहिलेलं सगळं माझ्या लाल औषधाने आतून धुऊन निघत होतं. म्हणजे मनकीला जे झालं ते मी बरं करायला दिलेल्या औषधांनीच झालं होतं, आणि बरं झालं नाही म्हणून मी आणखी देत होते.

मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. समोर पंचवीस नर्सा बसल्या होत्या आणि सगळ्या आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. त्यातल्या किती जणी मनातल्या मनात आपली लाल बाटली आठवत होत्या, हे मी विचारलं नाही.

फोन लावला तर मनकीच्या गावात रेंज नाही. शहराची गाडी गडचिरोलीलाच बदलावी लागते, हे एक बरं होतं. मी सभा सोडून बसस्थानकावर गेले आणि धानोऱ्याकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराशी उभी राहिले. तिसऱ्या गाडीतून दोघं उतरली. मनकीच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं, दलसूच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेली माझी चिठ्ठी. त्याने मला बघून हात जोडले. त्याला वाटलं, मी सोबत चालले आहे. मी म्हटलं, ऑपरेशन करू नका, चिठ्ठी चुकीची आहे, आधी इथल्या मॅडमना दाखवू. दलसू चिडला नाही. तो साधा माणूस, त्याने फक्त विचारलं,

"तूच त चिठ्ठी देली, बाई. आता चुकून राह्यली का तवा चुकली?"

बसस्थानकावर माणसं होती, दोन ओळखीचे शिक्षक होते. नोकरीत मी चुकले असं मी साहेबांना सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच.

"तवा चुकली," मी म्हटलं. "दोन वर्सं चुकली."

तो मनकीकडे बघत राहिला. मनकी गाठोडं उचलून माझ्याकडे आली आणि विचारलं, दवाखाना किती लांब आहे. ती माझ्यावर विश्वास ठेवून नाही, आपली गर्भपिशवी वाचावी म्हणून आली हे मला कळत होतं. आम्ही ऑटो केला.

मॅडमनी तपासलं, नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. बुरशीच होती. पिशवी अगदी चांगली होती. सहा रात्री आत ठेवायची एक साधी गोळी दिली आणि त्यानंतर काहीही नाही. धुणं नाही, कॅप्सूल नाही, पुडी नाही. चैतीबाई पुड्या वर्षानुवर्षं रोज घेत होती, म्हणून तिला एकदम बंद करू नका, इथे आणा, हळूहळू कमी करू, असं बजावलं. मनकीने बाहेर येऊन विचारलं, एवढंच का. मलाही तसंच वाटलं होतं. काही न देणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत अवघड काम ठरलं. पुढचे तीन महिने ती दिसली की माझा हात आपोआप कपाटाकडे जायचा.

गावात हे समजावून सांगायला गेले तेव्हा मी मोठा तक्ता काढला होता. शरीरात सैनिक असतात, ते पहारा देतात, शत्रू आला की गोळी घालतात, असं सुरू केलं. दोघी बाया उठून गेल्या. आमच्या भागात आरोग्य समजावताना वर्दीतल्या माणसाचं उदाहरण देऊ नये, एवढी अक्कल यायला मला सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यापर्यंत थांबावं लागलं. शेवटी चैतीबाईच बोलली. पन्नाशीची बाई, गुडघ्यावर हात ठेवून बसलेली. ती म्हणाली,

"आंबिलीचा मडका रोज राखेनं घासला त आंबील आंबत नाई, मंग तिच्यात कायबी पडते न सडते. तसाच होय ना हे?"

तसंच होतं. माझा तक्ता मी गुंडाळून ठेवला. त्या दिवसापासून आठही गावांत मी आंबिलीचंच सांगत आले, आणि पहिली दोन गावं ती कल्पना माझीच असल्यासारखी सांगितली.

मनकीला मधे एकदा त्रास उलटला, पण मॅडमनी पुन्हा तेवढंच औषध दिलं आणि मग तो थांबला. पावसाळ्यात ती धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, बांधीतल्या चिखलात वाकून काम करत होती. पुढच्या वर्षी तिचं नाव माझ्या गरोदर बायकांच्या रजिस्टरात आलं. लोहाच्या गोळ्या दिल्या तर तिने पट्टी उलटसुलट करून तारीख वाचली आणि म्हणाली, याच्यापरीस जास्त काही देऊ नको. बरोबर होतं तिचं.

ही गोष्ट इथे संपवली असती तर मला बरं पडलं असतं. चुकलेली, सुधारलेली, शाल मिळालेली बाई. पण चैतीबाईचं राहिलं आहे.

तीही माझीच. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. तिशी नुकतीच ओलांडलेली होती, दोन पोरं होती, आणि हेच पांढरं पाणी. तिलाही मी गोळ्या दिल्या, तिलाही लाल बाटली दिली आणि बरं होईना म्हणून तिलाही चिठ्ठी दिली. तिची पिशवी काढली, सोबत बीजकोशही. टाके काढायला आली तेव्हा मी तिचं अभिनंदन केलं होतं. सुटलीस बाई कुर्माघरातून, असं म्हटलं होतं. त्यानंतर ऐन तारुण्यात तिच्या अंगाची आग व्हायला लागली, हाडं दुखायला लागली आणि ती पुडीवाल्याकडे गेली. तिच्याकडची पुडी मनकीला मिळाली. हा सगळा फेरा माझ्या एका चिठ्ठीपासून निघाला होता, आणि तो मला दिसला तेव्हा चैतीबाईचे केस पांढरे झाले होते.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी चार्ज दिला, किल्ल्या दिल्या, आणि बस यायला वेळ होता म्हणून मनकी आणि चैतीबाईच्या गावात गेले. कुर्माघरात दोघी-तिघी हसत बोलत होत्या. मी रिकामा करून परत दिलेला तोच डबा आढ्याला होता, आता त्यात फणी, आरसा आणि मणी ओवायचा दोरा. चैतीबाई बाहेर मोहाच्या झाडाखाली बसली होती, दाराकडे तोंड करून. गीताने मला मागे कधीतरी सांगितलं होतं की ऑपरेशन झाल्यापासून ती रोज तिथे येऊन बसते. पाळी नाही तर आत बसायचा हक्क नाही, आणि तिच्या वयाच्या बाया तर पुढची पंधरा-वीस वर्षं आत बसत होत्या, शेतातल्या कामाविना, नवऱ्याविना, चार दिवस गप्पा मारत. मी तिला तिथून सुटलीस म्हणाले होते.

मी तिच्याजवळ बसले. आज शेवटचा दिवस, असं सांगितलं. तिने मान हलवली. बराच वेळ आतल्या बोलण्याकडे कान देऊन होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मनकीच्या वक्ताले तू अंदर गेल्ती. माज्या वक्ताले काऊन नाई आली, बाई?"

चक्कर आली म्हणून गेले, हे खरं उत्तर होतं. पण तिने ते विचारलं नव्हतं.

"मले घाण वाटे," मी म्हटलं.

तिने उजवा पाय हळूहळू लांब केला, गुडघ्यावरून हात फिरवला आणि विचारलं,

"लय दुखून राह्यला. काही आहे का तुज्याजवळ?"

मी सवयीने बॅग उघडली. चार्ज देताना सगळं काढून दिलं होतं. आत पाण्याची बाटली होती आणि चष्म्याचं घर. नाही गं काही, मी म्हटलं, आणि बॅग बाजूला ठेवून तिचा गुडघा दोन्ही हातांनी दाबत बसले. बस आली आणि गेली.